गादीवरून उठलेला माणूस

रामलिंग स्वामी आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आला, तेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. खोली दाखवतानाच मी त्याला बजावलं, "आंघोळ दिवसाआड करावी लागेल. जमेल का?"

"बाई, दिवसातून तीनदा करायची सवय हाय," म्हणाला. "सोडतो."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. भाडेकरू पुष्कळ पाहिलेत, बहुतेक क्लासला आलेली पोरं. हा पंचविशी ओलांडलेला, डोक्यावर नुकतेच केस उगवू लागलेले, अंगात दुसऱ्या कुणाच्या मापाचा पँट-शर्ट. पँटमध्ये पाय अडकल्यासारखा चालायचा. शिकलास किती विचारलं तर संस्कृत येतं, कानडी येतं, पण मार्कमेमो एकाचाही नाही म्हणाला. मला वाटलं, कुठल्यातरी पाठशाळेतून पळालेला दिसतोय. ते फार चुकलं नव्हतं.

खरं कळलं ते साखराबाईमुळं. ती निलंग्याकडची, आमच्या गल्लीत भाजीची पाटी घेऊन यायची. एका सकाळी मी दारात तिच्याकडून मेथी घेत होते आणि रामलिंग जिना उतरत होता. साखराबाईनं वर पाहिलं, हातातली जुडी खाली पडली, आणि तिनं जिन्याच्या पायरीवर डोकं टेकलं.

"देवरू! आमचे देवरू!"

रामलिंग मागं सरकून भिंतीला चिकटला. "उठा मावशी," म्हणाला. "मी आता देवरू न्हाई."

ती उठली खरी, पण त्याच्याकडं पाठ न करता उलट्या पावलांनी फाटकापर्यंत गेली. मेथीचे पैसेही घेतले नाहीत. रामलिंग तिथंच जिन्यात बसून राहिला. मी चहा करून दिला. तेव्हापासून तो मला थोडं थोडं सांगत गेला. आज थोडं, मग चार महिन्यांनी थोडं. हे सगळं त्यातूनच जुळवलेलं आहे.

रामलिंग किल्लारीचा. भूकंपाच्या पहाटे तो तीन वर्षांचा होता. बाप भिंतीखाली गेला. आई शिवकांता आणि तो चौकटीखाली जिवंत सापडले. मांजरा नदीच्या काठी एक मठ आहे, गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या स्वामींना सगळे थोरले अप्पा म्हणायचे. भाकरीचा टेंपो भरून ते किल्लारीला आले आणि कितीतरी महिने परत गेले नाहीत. पावसात, चिखलात, लोकांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. मेलेल्यांना स्वतःच्या हातानं माती दिली. रामलिंगच्या वडलांनाही त्यांनीच दिली.

"त्यांनी आमाला जगिवलं बाई, हे खोटं न्हाई," रामलिंग दरवेळी हे आधी सांगायचा आणि मग पुढचं.

पाच वर्षांनी नवं गाव वसल्यावर अप्पा पुन्हा आले. शिवकांताच्या घरी त्यांची पाद्यपूजा झाली. जंगमाचं, म्हणजे लिंगायतांच्या पुजाऱ्याचं घर, पोरगं चुणचुणीत, विचारलं ते घडाघडा म्हणून दाखवणारं. अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शिवकांता, हे लेकरू मठाला दे. माझ्यामागं गादी हाच चालवील." ती 'हो' म्हणाल्याचं कुणालाच आठवत नाही. 'नाही' म्हणायची रीतच नव्हती. घरातल्या बायका रडल्या, पण ते आनंदानं, असं सगळे सांगतात. आठ वर्षांचा रामलिंग जीपमध्ये बसून गेला. मठात त्याचं नाव बदललं, डोकं भादरलं, अंगावर भगवी कफनी आली. चन्नवीर देवरू. गादीच्या वारसाला तिकडं देवरू म्हणतात. रामलिंग म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही.

मठात त्याचे हाल झाले असं नाही. दूध होतं, तूप होतं, शिकवायला शास्त्री होते. अप्पा कडक होते पण मायाळू. ताप आला की उशाशी बसून राहायचे. फक्त कुणाबरोबर खेळायचं नाही. गावातली पोरं दिसली की तीच पाया पडायची. पाया पडणाऱ्याबरोबर गोट्या कशा खेळणार, असं तो म्हणायचा. माणसं यायची, वयानं बापाएवढी, आजाएवढी, आणि विचारायची: देवरू, घर उत्तरेला तोंड करून बांधू का? देवरू, पोरीला कुठं देऊ? अप्पा जवळ बसून हळूच सुचवायचे, आणि हा बोलायचा. पुढं सुचवायची गरज उरली नाही. काय बोललं की माणसं समाधानानं उठतात, ते त्याला कळायला लागलं.

शिवकांता दर अमावास्येला यायची, किल्लारीहून दोन गाड्या बदलून. इतर बायकांसारखी रांगेत उभी राहायची. तिची पाळी आली की पायावर डोकं ठेवायची, आणि तो तिच्या कपाळाला विभूती लावायचा. बोलायचं काही नाही, मागं रांग असायची. लहान होता तेव्हा तो तिच्या कपाळावर बोट जरा जास्त वेळ ठेवायचा. मोठा झाल्यावर तेही जमेना. तीच लगेच मागं सरकायची.

त्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी तो आमच्याकडं आला, ती अंगात ताप घेऊन आली. मंडपात पंखे होते, रांग मात्र उन्हात होती. कुणी म्हणालं, मावशी पुढं या, तुमी देवरूंच्या मातोश्री. ती म्हणाली, इथं कशाची आई. रांगेतच राहिली. गादीपाशी पोचली, वाकली आणि तशीच आडवी झाली. रामलिंग गादीवरून उठला. लगेच दोघा सेवेकऱ्यांनी हात आडवे घातले. "देवरू, पूजा चालू असताना गादीवरून उठायचं न्हाई. आमी बघतो."

तो उभाच राहिला, खाली पाय ठेवता येईना आणि बसताही येईना. कुणीतरी पाणी शिंपडलं. शिवकांतानं डोळे उघडले, आणि पहिलं काय केलं तर तोंडावर पदर घेतला. "माज्या हातनं हे काय झालं! माज्यामुळं देवरू उठले," असं म्हणत रडायला लागली. अंगातल्या तापाचं तिला काही नव्हतं. देवरूंना उठावं लागलं, या पापाची तिला भीती वाटत होती.

"बाई, तवाच ठरलं," रामलिंग मला म्हणाला. "लोकं समजतात मला मठात काहीतरी वंगाळ दिसलं. काय बी दिसलं न्हाई. माजी आई मला घाबरायली, एवढंच दिसलं."

पट्टाभिषेकाची, म्हणजे त्याला रीतसर गादी देण्याची तारीख धरलेली होती. निलंग्यापासून देवणीपर्यंत बॅनर लागले होते, त्यावर अप्पांच्या शेजारी याचा फोटो. एका सकाळी पूजा आटोपल्यावर तो अप्पांसमोर जाऊन बसला आणि सांगितलं, मला जायचंय.

अप्पांनी जपमाळ बाजूला ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच न्हाई."

"मग कुणाच्या सांगण्यावरनं चाललास?"

"माज्याच."

अप्पा म्हणाले, "मला बी माज्या गुरूनं आणलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मला जमलं की." मग त्यांनी विचारलं, "मी नको म्हणालो तर थांबशील?"

"थांबीन," रामलिंग म्हणाला. "म्हणून तुमी म्हणू नका, अप्पा."

अप्पांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. रामलिंगनं कफनी काढून घडी करून त्यांच्या पायाशी ठेवली. मठाच्या जीपचा ड्रायव्हर भुजंग, त्याच्याकडून पँट-शर्ट मागून घेतला. एसटीत चढला तर मागच्या सीटवरचे दोघं ओळखून उठून उभे राहिले आणि "बसा देवरू" म्हणाले. पूर्ण गाडी त्याच्याकडं बघायला लागली. तो पुढच्याच फाट्यावर उतरला आणि उन्हात चालत सुटला.

लातूरला येण्याआधी तो किल्लारीला गेला. त्याला वाटलं होतं, आई रागावेल, मारेल, दार लावून घेईल. तसं काहीच झालं नाही. शिवकांतानं त्याला ओट्यावर बसवलं, तांब्याभर पाणी आणलं आणि त्याचे पाय धुतले. पुरणपोळी केली. तो जेवेपर्यंत पंख्यानं वारा घालत बाजूला उभी राहिली.

"आई, मी रामलिंग हाय," तो म्हणाला.

"रामलिंगला मी देऊन टाकलं," ती म्हणाली. "दिलेलं परत घेता येत न्हाई. तुमी मठात कधी जाणार, देवरू?"

तिनं घालवलं असतं तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा. भांडता तरी आलं असतं.

लातुरात काम मिळेना. कागद नाही, ओळख सांगायची नाही. गंजगोलाईच्या मागच्या बोळात मकबूलभाईंचं जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान आहे. शेतकरी विहिरीच्या मोटारी आणून टाकतात, आतली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. रामलिंग दोन दिवस समोर उभा राहून बघत होता. तिसऱ्या दिवशी मकबूलभाईंनी विचारलं, "क्या आता तुमकू?"

"मंत्र येतात."

मकबूलभाई हसले. "मंत्रानं मोटार फिरली असती तर मी कवाच दुकान बंद करून नमाज पडत बसलो असतो. बस इथं. जळकी तार काढ."

तो बसला. बोटं कापली, वार्निशच्या वासानं डोकं धरलं, पण बसला. मकबूलभाई त्याचे उस्ताद झाले. पहिल्या ईदला हा पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी खांद्याला धरून सरळ केलं. "ये नको. इथं फक्त मोटारीपुढं वाकायचं." त्यांची एक सवय मला रामलिंगनंच सांगितली. शिकवून झालं की म्हणायचे, मी सांगतो म्हणून धरू नको, मीटर लावून बघ. एकदा त्यानं मीटर लावलं आणि उस्तादांचीच जोडणी उलटी निघाली. मकबूलभाईंनी ती उकलून पुन्हा बांधली, कपाळावर एक आठी न आणता. रामलिंग त्या दिवशी गच्चीवर आला आणि मला हाक मारून खालून वर बोलावलं, फक्त हे सांगायला. त्याला इतकं खुशीत मी क्वचितच पाहिलं.

पण दुकान सुटलं की माणूस एकटा. मकबूलभाईंचं घर भरलेलं, सुना-नातवंडं. ते जेवायला बोलवायचे, हा जायचा, आणि लवकर उठून यायचा. त्याच्या वयाच्या माणसांशी काय बोलावं हे त्याला कधी शिकवलंच नव्हतं. हॉटेलात चहा घेताना शेजारचा कुणी क्रिकेटवर बोलला तर हा ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि समोरचा मग आपोआप आपल्या घरच्या अडचणी सांगायला लागायचा. "माज्या तोंडावरच लिवलंय का हो बाई?" मला विचारायचा. "कुणी माज्याशी गप्पा मारत न्हाई. सगळे गाऱ्हाणंच सांगतात."

मोटार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांपैकी काही त्याला ओळखायचे. काही हात जोडायचे. एक म्हातारा मात्र मोटार न देताच परत गेला. गुरूला सोडणाऱ्याच्या हातचं पाणी माझ्या पिकाला नको म्हणाला. दुसऱ्याच वर्षी पंधरा-वीस माणसं आमच्या फाटकापाशी आली, दोन जीप करून. मठावर नाराज झालेली मंडळी होती. म्हणाली, देवरू, खरे तुमीच. आमी जागा देतो, निलंगा रोडला. तुमी बसा, आमी तुमच्या मागं येतो.

रामलिंग गच्चीच्या कठड्यापाशी उभा होता, हातात धुतलेला बनियन. "माज्या मागं येऊ नका," तो म्हणाला. "मी कुठंच चाललो न्हाई."

"मग आमी कुणाच्या मागं जावं?"

"ते मला विचारू नका."

त्यांनी आधी विनवलं, नंतर रागावले. एकानं, माणूस फुकट गेला, असं मोठ्यानं म्हणून जीप चालू केली. ती धूळ खाली बसेपर्यंत रामलिंग तिथंच उभा होता.

त्याचं लग्न व्हावं म्हणून मीच खटपट केली. माझ्या मैत्रिणीची भाची सुकन्या, दवाखान्यात नर्स. पहिलं लग्न मोडलेलं. मोकळी, हसरी मुलगी. आमच्याच बैठकीत दोघं भेटली. पहिली पंधरा मिनिटं हा खाली बघत होता. मग तिनं विचारलं, मोटार जळते म्हणजे नेमकं काय होतं? आणि हा बोलायला लागला. हातवारे करून, हसून. मी आत पोहे करत होते, आणि मला वाटलं, जमलं. तेवढ्यात तिचे वडील आले, त्यांना यायला उशीर झाला होता. दारात चप्पल काढताना त्यांनी रामलिंगला पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवून सरळ त्याच्या पायावर डोकं ठेवलं. ते उदगीरकडचे, मठाचे जुने भक्त. सुकन्या आधी हसली. वडील उठेनातच, तेव्हा तिचं हसू गेलं. जाताना तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, माणूस चांगला आहे. पण माझा बाप ज्याच्या पाया पडतो त्याच्याशी मी भांडू कशी?" तिचं बरोबर होतं. रामलिंगलाही ते पटलं. पोहे कुणीच खाल्ले नाहीत.

अशी वर्षं गेली. किल्लारीला तो दिवाळीला जायचा. दर दिवाळीला शिवकांता त्याचे पाय धुवायची, आणि हा दुसऱ्या दिवशी परत यायचा.

गेल्या वर्षी थोरले अप्पा वारले. भुजंगनं फोन केला. रामलिंग गेला आणि गर्दीत मागं उभा राहून माती देऊन आला. पुढं जाऊ दिलं नाही असं नाही, तोच गेला नाही. परत आल्यावर म्हणाला, "माजा बाप गेला बाई. मी त्यांचं ऐकलं न्हाई, पण बाप तेच." जेवला नाही. मीही आग्रह केला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भुजंग शिवकांतालाच घेऊन आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन लातूरला. तिला दुसरं कुठं उतरायला जागा नव्हती. ती रामलिंगच्या खोलीत आली ती भिंत चाचपत. डोळ्यावर पट्टी असताना त्यानं तिला जेवू घातलं, केस विंचरून दिले, धरून न्हाणीपर्यंत नेलं. ती सारखी म्हणायची, "मला पाप लावायलाव, देवरू." हा म्हणायचा, "लागू दे, निम्मं मी घेतो." मी वर चटणी द्यायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि हा तिच्या पायाला तेल लावत होता. तिचे दोन्ही हात जोडलेले, ओठ हलत होते. त्याच्याकडून होणाऱ्या सेवेबद्दल ती देवाची माफी मागत असावी.

पट्टी सुटली आणि मठातून निरोप आला. नव्या देवरूंचा पट्टाभिषेक ठरला होता. रामलिंग गेल्यावर अप्पांनी देवणीच्या एका जंगमाच्या घरचा मुलगा आणला होता. हरिओम त्याचं नाव. आता दहा-अकरा वर्षांचा.

शिवकांतानं रामलिंगला विचारलं, "जाऊ का?"

त्यानं मला नंतर सांगितलं, जा म्हणालो असतो तरी माझी आज्ञा, आणि नको म्हणालो असतो तरी आज्ञाच. शेवटी तो म्हणाला, "आई, मला विचारू नको. तुला जायचंय का?"

हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नसावा. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "जायचंय."

त्यानं तिला मोटारसायकलवर नेलं. ती आत गेली, हा समोरच्या चहाच्या टपरीवर बसला. मांडवाच्या कनाती एका बाजूनं उघड्या होत्या. तिथून गादी दिसत होती. मुलाच्या डोक्यावर जड किरीट ठेवलेला, तो एका हातानं सावरत होता. रांग लांब होती. बऱ्याच वेळानं शिवकांता बाहेर आली, हातात प्रसादाचा द्रोण. त्याच्यापुढं धरला आणि म्हणाली, "खा. आन् गाडी सावकाश चालव, मघाशी लई जोरात आणलास."

आठ वर्षांचा असल्यापासून तिनं त्याला 'तू' म्हटलं नव्हतं. गादीवर दुसरे देवरू बसले होते. तिच्या हिशोबानं तिचं देणं आता त्या मुलाकडं पोचलं होतं, आणि हा सुटला होता. वाटेत तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पडू नये म्हणून. घरी आल्यावर मला म्हणाली, "रामलिंगची तब्येत लई उतरलीय हो बाई, नीट खात न्हाई का हा?"

मला वाटलं, आता हा सुखानं राहील. पण तो आधीपेक्षा गप्प झाला. शिवकांता आठवडाभर राहून किल्लारीला गेली. इथंच राहा म्हणून त्यानं विनवलं. ती म्हणाली, "तिकडं माजं अमावास्येचं जाणं हाय. इथनं लांब पडतंय." ती गेल्यावर तो गच्चीवर फेऱ्या मारायचा. एके दिवशी जिन्यात थांबून म्हणाला, "माजी आई मला मिळाली, ती त्या लेकराच्या जिवावर. कुणाची तरी आई आता त्या रांगेत उभी हाय."

पुढच्या शुक्रवारी दुकानाला सुट्टी होती. तो देवणीला गेला. हरिओमचे वडील गुरुपादप्पा, खाऊनपिऊन सुखी माणूस, दावणीला चांगली देवणी जातीची जनावरं. त्यांनी त्याला ओळखलं. पाट दिला, पाणी दिलं. रामलिंगनं सांगितलं, तुमच्या पोराला घरी आणा. मोठं झाल्यावर त्याला ठरवू द्या.

गुरुपादप्पा शांतपणे म्हणाले, "हे कोण सांगतंय? मोटार भरणारा रामलिंग सांगतोय, तर माफ करा, मी माझ्या गुरूला दिलेला शब्द त्याच्यासाठी मोडणार न्हाई. पण तुमी देवरू म्हणून आज्ञा करा. तुमी बी त्या गादीचे. आज, आत्ता जाऊन पोरगं घिऊन येतो."

रामलिंग पाटावर बसून होता. एक शब्द पुरे होता. दारात हरिओमची आई पुनम उभी होती, चौकट घट्ट धरून. तिची नजर त्याच्या तोंडावर खिळलेली होती, तो काय म्हणतो याच्यावर.

"देवरू म्हणून न्हाई," रामलिंग म्हणाला. "मी रामलिंग म्हणून सांगायलो."

"मग न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले, आणि चहा मागवला.

तो चहा पिऊन उठला. फाटकापाशी गाडी चालू करत असताना पुनम गोठ्याच्या बाजूनं आली. हातात शेणाची पाटी होती, कुणी पाहिलं तर काम करते आहे असं दिसावं म्हणून. इकडंतिकडं बघून तिनं हळू विचारलं, "तुमाला तिथं आई आठवायची का?"

"रोज."

"मोठं झाल्यावर बी?"

"रोजच."

तिनं मान हलवली. आणखी काही विचारेल म्हणून तो थांबला, पण ती पाटी घेऊन आत गेली.

परत आल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, मी चुकलो का? एक शब्द बोललो असतो तर लेकरू घरी आलं असतं."

मी चाळीस वर्षं पोरांना उत्तरं दिली. याला मला देता आलं नाही. हो म्हणावं तर ज्यासाठी यानं सगळं सोडलं ते खोटं ठरतं. नाही म्हणावं तर तो मुलगा डोळ्यांपुढं येतो. मी म्हटलं, "मला माहीत नाही रे." तो म्हणाला, "मला बी न्हाई," आणि वर गेला.

मकबूलभाईंनाही त्यानं विचारलं होतं. ते म्हणाले, इसका मीटर मेरे पास नहीं बेटा.

हरिओम अजून मठातच आहे. भुजंग सांगतो, हल्ली त्याची आई दर सोमवारी येते. पूर्वी ती सणावारीच यायची. रांगेत उभी राहत नाही. दर्शन संपून मंडप रिकामा झाला की खांबापाशी जाऊन बसते. सेवेकऱ्यांनी एकदा हटकलं, तेव्हा म्हणाली, मी पाया पडायला आले नाही, बसायला आले आहे. मुलगाही गादीवरून उतरत नाही. दोघं तसेच बसतात, लांबून, गाडीची वेळ होईपर्यंत.

हे ऐकून रामलिंगला बरं वाटलं की वाईट, ते त्यानं सांगितलं नाही. सकाळी दुकानात जातो, संध्याकाळी येतो. हाताला तांब्याचा वास असतो. वर भात लावतो, कुकरच्या शिट्ट्या मला खाली ऐकू येतात. एकट्यापुरता भात, पण शिट्ट्या तेवढ्याच होतात.